स्पॅनिशच्या ठरावाला अनुमोदन

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, २९ जानेवारी २०२६

श्री. रामकिसनराव यांना, मु. पो. शिऊर, ता. वैजापूर

मेहुणे, तुमच्या दाजींचा उस्मानपुऱ्याहून रामराम. संक्रांत होऊन गेली, पण तीळगूळ शिळा झाला तरी गोडच असतो, तेव्हा तो या पत्रातून घ्या आणि पुढचं वाचताना जरा गोडीनंच वाचा. मातोश्रींना दंडवत. त्यांचा मोतीबिंदू काढायचा होता, तो काढला की अजून मुहूर्त बघताय? तुमचा गुडघा कसा आहे? गव्हाला पाणी देताना रात्री बांधावरून पडला होता असं कळलं. (कुणाकडून कळलं ते विचारू नका. तुमच्या घरात फोन स्पीकरवर ठेवून बोलतात, मागचं सगळं ऐकू येतं.) आमच्याकडे सर्व क्षेम आहे. सर्व म्हणजे मी, शिवम, सूनबाई प्रेरणा आणि नात श्रेया. या घरातलं पाचवं माणूस, म्हणजे तुमच्या अक्का, सध्या तुमच्याकडे आहे. त्यांचं क्षेम तुम्हीच कळवायचं.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन मी केला होता. अक्का 'बरं हाय' म्हणतात आणि फोन तुमच्या हातात देतात. तुम्ही 'बोला दाजी' म्हणता, आणि मागं विहिरीवरची मोटर, मातोश्री, तुमच्या दोन सुना आणि एक म्हैस एवढे सगळे ऐकत असतात. अशा सभेत मला बोलता येत नाही. शिवाय विषय गुंतागुंतीचा आहे, मलाच नीट समजलेला नाही, म्हणून लिहून काढतोय. कामाचं आधी सांगतो: श्रेयाची स्पॅनिश भाषेची तोंडी परीक्षा पुढच्या शनिवारी आहे, तिला घरच्या मोठ्या माणसाबरोबर जोडीनं बसावं लागतं, आणि तिची जोडी अक्का आहेत. तेव्हा अक्कांना त्याआधी इकडे पाठवून द्यावं. एवढंच काम आहे. बाकीचं वेळ असेल तर वाचा.

आता तुम्ही म्हणाल, अक्का आणि स्पॅनिश? अक्का तर चौथीत शाळा सोडून शेळ्यांमागं गेल्या होत्या. ते खरं आहे. पण याचं मूळ लासूर स्टेशनला आमच्या विकास सोसायटीत आहे. तुम्हाला ठाऊक आहे, मी तिथं कितीतरी वर्षं संचालक आहे, आणि इतक्या वर्षांत मी एकही ठराव मांडलेला नाही. ठराव मांडायला पुष्कळ माणसं असतात. खरी अडचण अनुमोदनाची. मांडणारा मांडून खाली बसतो, मग सगळे छताकडे बघतात, चेअरमन घड्याळाकडे बघतात, आणि बाहेर चहा गार होत असतो. अशा वेळी कुणीतरी उठून 'अनुमोदन' म्हणावं लागतं, तेव्हा कुठं सभा पुढं सरकते. ते काम माझं. ठराव कशाचा आहे हे ऐकत बसलं तर उठायला उशीर होतो, म्हणून मी फक्त शेवट ऐकतो. बोलणाऱ्याचा आवाज खाली पडला, की उठायचं. (विरोधी पॅनेलच्या ठरावांनाही मी अनुमोदन दिलेलं आहे. त्यांनी नंतर पेढे दिले.) माणूस उपयोगी पडावा एवढीच माझी यात भावना.

तर जूनमध्ये श्रेयाच्या शाळेत पालकसभा होती. (शाळेचं नाव लिहीत नाही, संस्थेचे अध्यक्ष ओळखीचे आहेत.) शिवम आणि सूनबाई दोघंही कंपनीत, म्हणून मी गेलो. प्राचार्यबाई बराच वेळ इंग्रजीत बोलल्या, मधे हिंदीत, शेवटी मराठीत आल्या. माझ्या शेजारचे गृहस्थ सारखे स्कूलबसबद्दल पुटपुटत होते, त्यामुळं विषय बसचा आहे असंच मी धरून चाललो. मग बाईंनी विचारलं, की असा प्रस्ताव आहे, पालकांमधून कुणाचा पाठिंबा आहे का, आणि आवाज खाली पडला. मी उठलो. या ठरावाला माझं अनुमोदन आहे, असं खणखणीत सांगितलं. लासूरला एवढ्यावर भागतं, लोक चहाला जातात. इथं सगळी सभा माझ्याकडं वळून बघायला लागली, आणि प्राचार्यबाई स्टेजवरून खाली उतरून माझ्यापर्यंत आल्या.

ठराव असा होता, की आठवीच्या मुलांना संस्कृतऐवजी स्पॅनिश घेता येईल. संस्कृतला मार्क पडतात, म्हणून पालक गप्प होते. मला वाटलं होतं, चहासाठी गप्प आहेत. बाईंना पहिला पाठिंबा माझ्या रूपानं मिळाला, आणि तोही धोतर-टोपीतल्या माणसाचा, त्यामुळं माझा फोटो काढला गेला आणि मला स्पॅनिश पालक समितीचं अध्यक्ष केलं. मी नको म्हणणार होतो, पण अध्यक्षपद कुणी सुचवलं की त्याला अनुमोदन द्यायची इतकी सवय आहे, की माझ्याच नावाला मीच अनुमोदन देऊन बसलो. आता समितीच्या अध्यक्षाची नात संस्कृतच्या वर्गात कशी बसणार? श्रेयाच्या सगळ्या मैत्रिणी संस्कृतला गेल्या आणि ती स्पॅनिशला. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, आजोबा, स्पेन कुठं आहे हे तरी तुम्हाला माहीत आहे का? मी सांगितलं, माहिती करून घेऊन अनुमोदन द्यावं असं पोटनियमात कुठंही नाही.

अध्यक्ष म्हटल्यावर नव्या बाईंना घरी जेवायला बोलावणं आलंच. 'स्पॅनिश मॅडम' म्हटल्यावर मी समजलो, की गोऱ्या बाई असणार, वेरूळला येतात तशा. तिखट चालणार नाही. म्हणून अक्कांना बटाटे उकडायला सांगितले, मी स्वतः पावाचा पुडा आणि जॅम आणला, सत्कारासाठी फेटा बांधणाऱ्याला सांगून ठेवलं, आणि जिना चढताना इंग्रजीत काय म्हणायचं ते शिवमकडून पाठ करून घेतलं. दाराशी आल्या त्या मोनिका मॅडम. चितेगावच्या. वडील तिथल्याच कंपनीत सुपरवायझर, मुलगी पुण्याला जाऊन स्पॅनिश शिकून आलेली. (चौकशी केली तेव्हा त्यांच्या मामाचं गाव तुमच्याच बाजूचं खंडाळा निघालं, म्हणजे तुमच्या थोरल्या सुनेकडून काहीतरी नातं लागतं. बघून कळवा.) मी सगळं इंग्रजी बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, 'काका, मराठीत बोला ना.' मग फेटा बांधून घेऊन त्यांनी उकडलेल्या बटाट्यांकडं बघितलं, अक्कांकडं बघितलं, आणि आत जाऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं येसर आमटीचा वास आला. अक्का आणि मॅडम आत बसून भाकरी चुरून जेवल्या. मी बाहेर जॅम-पाव खाल्ला, कारण तो आणलेला होता.

त्याच दिवशी सगळी भानगड सुरू झाली असं आता मला वाटतं. शाळेची पद्धत अशी आहे, की प्रत्येक मुलाबरोबर घरातलं एक मोठं माणूस जोडीला हवं. मुलानं शाळेत शिकायचं, घरी येऊन जोडीदाराशी तेच बोलायचं. श्रेयाचा जोडीदार म्हणून अर्थातच माझं नाव होतं. पण मी सकाळच्या गाडीनं लासूरला जातो आणि दिवेलागणीला येतो. सोसायटी सोडून मी स्पॅनिश कधी बोलणार? म्हणून मी अक्कांना म्हणालो, तू बस तिच्यापाशी, नुसतं हं-हं करायचं. अक्का हसल्या. मला वाटलं, आता ही आठ दिवसांत कंटाळेल.

कंटाळल्या नाहीत. रामकिसनराव, मला यातलं काही समजत नाही, तुम्हाला समजलं तर बघा. ज्या बाईला इथं राहायला आल्यापासून तीन वर्षं या घराच्या लिफ्टचं बटण दाबायला भीती वाटत होती (अजूनही जिन्यानंच उतरतात), ती भाकरी थापताना स्पॅनिश आकडे म्हणायला लागली. सकाळी मला चहा देताना 'बुएनोस दियास' म्हणायची. मी सवयीनं मान डोलवायचो. एकदा मी बाजूला बसून त्यांचा धडा ऐकला. तुझं नाव काय, तुझं गाव कोणतं, वडील काय करतात, भाऊ किती, घरात कोण कोण. मी म्हणालो, अगं, ही तर आपल्याकडची सोयरीक जमवायची भाषा आहे, हे सगळं आपण पहिल्या बैठकीतच विचारतो, यात शिकायचं काय? श्रेया म्हणाली, पुढचा धडा वेगळा आहे, त्यात तुला काय आवडतं, काय आवडत नाही, काय हवं आहे, असं विचारतात. मी म्हणालो, हे विचारायला एवढ्या लांबच्या देशातून भाषा आणायची काय गरज? आणि झोपायला गेलो. नंतर कधीतरी जाग आली तेव्हा आजी-नात दोघी खुसुखुसु हसत त्याच धड्यावर होत्या.

पुढं पुढं तर अक्का खाली भाजीवाल्याशीही स्पॅनिश बोलायला लागल्या. इथला भाजीवाला तुम्हाला माहीत आहे, पिढ्यान्‌पिढ्या बाहेरची माणसं बघितलेला. त्यानं 'अम्मा, ये किधर की बोली है?' असं विचारलं. अक्कांनी स्पेन म्हणून सांगितलं. त्यानं 'अच्छा, उधर भी मेथी मिलती क्या' म्हणत मेथीच्या दोन जुड्या आणि वर कोथिंबीर पिशवीत टाकली. तेव्हापासून तो रोज त्यांना 'ओला अम्मा' म्हणतो. ('ओला' म्हणजे स्पेनचा रामराम.) मी भाजी आणायला गेलो तर मला काही म्हणत नाही. समितीचा अध्यक्ष मी आहे हे त्याला माहीत नसावं.

आता मुख्य प्रसंगाकडं येतो. संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी शाळेत भाषांचा मेळावा होता. प्रत्येक जोडीनं स्टेजवर येऊन 'आमचं घर' या विषयावर पाच-सहा वाक्यं बोलायची. अध्यक्ष म्हणून मला पहिल्या रांगेत कोच दिला होता. अक्का हिरवं लुगडं नेसून, कपाळावर पदर घेऊन स्टेजवर उभ्या राहिल्या. मला खरं सांगायचं तर धाकधूक होती. पण त्या बोलायला लागल्या आणि बोलतच राहिल्या. पाच-सहा नाही, पुष्कळ वाक्यं. मधे अडखळल्या, श्रेयाकडं बघितलं, पुन्हा सुरू. मला त्यातलं 'उस्मानपुरा' आणि 'लासूर' एवढं कळलं. सगळं सभागृह इतकं शांत झालं, की मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं. लासूरच्या सभेत चेअरमन बोलताना सुद्धा इतकं शांत कधी होत नाही. आणि मग त्यांचं बोलणं संपलं. आवाज खाली पडला. मेहुणे, पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

मी उठलो. कोच खोल होता, पण उठलो. सौ. द्वारकाबाईंनी (म्हणजे तुमच्या अक्कांनी) जे काही मांडलं त्याला माझं संपूर्ण अनुमोदन आहे, असं चारशे लोकांसमोर मोठ्यानं सांगितलं. मोठ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. ज्या पोरांना स्पॅनिश कळत होतं त्यांनी वाजवल्या नाहीत, हे मला नंतर आठवलं. मोनिका मॅडमनी माझ्याकडं असं काही बघितलं, की मला वाटलं टोपी तिरकी झाली असेल, म्हणून मी ती नीट केली. अक्का स्टेजवरून माझ्याकडं बघत होत्या. त्या हसल्या. ते हसू मी नेहमीसारखंच समजलो.

परत येताना रिक्षात श्रेया म्हणाली, 'आजोबा, तुम्ही कशाला अनुमोदन दिलं ते सांगू का?' अक्का बाहेर बघत होत्या. श्रेयानं सांगितलं ते असं. माझं घर उस्मानपुऱ्यात आहे. तिसऱ्या मजल्यावर आहे. घरात पाच माणसं आहेत. सकाळी चार माणसं जातात. श्रेयाचे आजोबा पहिल्या गाडीनं लासूरला जातात. (नाव घेतलं नाही. परक्या भाषेतही घेतलं नाही.) ते चांगले आहेत. ते रागावत नाहीत. ते मला चहा मागतात, चष्मा मागतात, पण मला काही विचारत नाहीत. दिवसभर मी कुणाशी बोलत नाही. माझ्या भावाच्या गावी विहीर आहे, जांभळीचं झाड आहे आणि बोलायला बाया आहेत. मला तिथं जाऊन राहायचं आहे. परत कधी यायचं ते मला अजून माहीत नाही.

मी रिक्षावाल्याकडं बघितलं, त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. घरी आल्यावर मी म्हणालो, अगं, असं होतं तर मराठीत सांगायचं. अक्का म्हणाल्या, 'मराठीत कुणी विचारलंच नाय. तिथं विचारलं, म्हून सांगितलं.' मी म्हणालो, आता संक्रांतीच्या तोंडावर कुठं जातेस. तर म्हणाल्या, 'चारशे माणसांपुढं अनुमोदन देलं ना तुम्ही? मग आता कसं?' मुद्दा बरोबर होता. सभेनं मंजूर केलेला ठराव रद्द करायचा तर पुन्हा सभा बोलवावी लागते, आणि आमच्या घरात गणपूर्तीच होत नाही. शिवम म्हणाला आईला जाऊ द्या, सूनबाई म्हणाली आईंना जाऊ द्या, श्रेया तर मूळ ठरावाची भागीदारच. दुसऱ्या दिवशी अक्कांच्या फोनवरून तुम्ही जीप घेऊन, बहिणीला न्यायला मुराळी म्हणून आलात, चहा घेतलात, आणि 'दाजी, अक्काला नेऊ का?' असं रीतसर विचारलंत. तुम्हाला बिचाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि मी, तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेत, 'व्हय व्हय, न्या की' म्हणालो. काय बोलून गेलो, तेही मला नंतर कळलं.

तेव्हापासून इथं सगळं व्यवस्थित चाललं आहे. सूनबाई सकाळी डबा करून जाते, जेवणाची आबाळ नाही. शेजारच्या बाया हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या तेव्हा मी सांगितलं, की अक्का स्पॅनिशच्या सरावासाठी बाहेरगावी गेल्या आहेत. त्यांना ते पटलं. फक्त एक झालं. पहिल्या दिवशी लासूरहून परत आलो तर दाराला कुलूप. श्रेया शिकवणीला, बाकीचे कंपनीत. किल्ली खिशात होती, सूनबाईनं आठवणीनं दिलेली, पण ती कुठल्या बाजूनं फिरवायची ते मला कळेना. तीन वर्षांत या घराचं कुलूप मी कधी उघडलेलंच नाही, दार आतून उघडायचं. शेवटी खालच्या वॉचमननं वर येऊन उघडून दिलं. आत गेल्यावर चष्मा सापडेना. हाक मारली आणि मग आठवलं. (चष्मा डोळ्यांवर होता.)

दुसऱ्या दिवसापासून मी लासूरला जाणं बंद केलं आहे. सोसायटीतून फोन येतात, ठराव अडून पडलेत म्हणे. पडू देत. मी दिवसभर घरी बसून बघतो, की अक्का इथं दिवसभर काय करत असतील. सकाळी दहापर्यंत बरं जातं. भाजीवाला ओरडत जातो. दुपारी जेवण झालं की या घरात फक्त फ्रीज बोलतो. मधेच घरघर करतो आणि थांबतो, थांबला की जास्तच शांत होतं. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते, ती बंद असते. मी टीव्ही लावून बघितला, बंद करून बघितला, जिना उतरून पुन्हा चढलो. श्रेया शाळेतून येते तेव्हा मी दारातच उभा असतो. ती बूट काढायच्या आत मी तिला शाळेतलं सगळं विचारतो. परवा ती म्हणाली, 'आजोबा, तुम्ही आता आजीसारखं करता.' मला राग यायला हवा होता. आला नाही. का आला नाही तेही कळलं नाही.

असो. पत्र लांबलं. तात्पर्य एवढंच, की हा सगळा मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. माझा यात वैयक्तिक काही संबंध नाही. परीक्षेच्या नियमात जोडीदार बदलता येत नाही, मी बसलो तर चालणार नाही, अक्काच लागतील. नातीचं वर्ष वाया जाऊ नये एवढ्यासाठी त्यांना समजावून पाठवा. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीला वैरण.

आपला,
नानासाहेब
(अध्यक्ष, स्पॅनिश पालक समिती)

ता. क. – येताना अक्कांबरोबर आमटीसाठी घरी भाजून दळलेला येसर द्यावा. सूनबाईनं दुकानातून आणलेला आहे, त्याला ती चव नाही. अक्का येणार नसतील तर येसर पाठवू नये. नुसता येसर घेऊन मी काय करू.

ता. क. दुसरा – मेहुणे, वर परीक्षेचं लिहिलं ते तसं खरं नाही. परीक्षा मागच्या शनिवारीच झाली. जोडीदार बदलता येतो, तेही नियमात आहे, मोनिका मॅडमनी स्वतः सांगितलं. श्रेयाबरोबर मी बसलो. घरी बसून दहा-बारा दिवस तिनं माझ्याकडून घोकून घेतलं होतं. फळं, भाज्या, रंग, जनावरं, सगळं पाठ होतं. माझं नाव, गाव, घरात कोण कोण, हे मी धडाधड सांगितलं. मॅडम खूश झाल्या. मग त्यांनी विचारलं, तुमच्या बायकोला काय आवडतं? प्रश्न मला लगेच कळला. शब्दही येत होते. उत्तर येईना. मॅडम म्हणाल्या, काका, मराठीत सांगा, चालेल. मराठीतही येईना. शेवटी मी चहा म्हणालो. श्रेया हळूच म्हणाली, 'आजोबा, आजी चहा पीत नाही.' मी म्हणालो, कधीपासून? ती म्हणाली, मला समजतंय तेव्हापासून नाही. पण मेहुणे, रोज सकाळी माझ्यासमोर बसून ती पितळेच्या पेल्यातून काहीतरी पीत असते. तो चहा नसेल तर काय असतं, हे तुम्ही जरा बघून ठेवा. श्रेया पास झाली. मला मॅडमनी काही मार्क दिले का ते मी विचारलं नाही. तेव्हा परीक्षेसाठी अक्कांना पाठवायची गरज उरलेली नाही. तरी पाठवा. मला इथं करमत नाही.

ता. क. तिसरा – दोनदा पाकीट चिकटवून पुन्हा फोडलं आहे, तेव्हा आता राहिलेलं लिहूनच टाकतो. पाठवू नका. त्यांना तिथं बरं वाटत असेल तर ओढून कशाला आणायचं. मीच आलो असतो. पण बोलावल्याशिवाय जावयानं सासुरवाडीच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि तेही बायको आत असताना, हे कसं दिसतं ते तुम्ही जाणता. धोंडे जेवायला बोलवाल म्हणावं, तर अधिक महिना मे-जूनमध्ये आहे, तोवर मला दम निघणार नाही. तुमच्या मळ्यात सध्या हुरडा असेल. या रविवारी मला हुरड्याला बोलवा. एक फोन करा, स्पीकरवर केलात तरी चालेल. मी लगेच होय म्हणणार नाही, जरा आढेवेढे घेईन, तुम्ही ते मनावर घेऊ नका. मी आल्यावर काही मागणार नाही, चष्मा सुद्धा नाही, जांभळीखाली कुठंतरी बसेन. फक्त बोलावताना एवढं म्हणा, की दाजींना बोलव असं अक्काच म्हणाली. ती तसं म्हणाली नसली तरी म्हणा. मी तिला विचारून खात्री करणार नाही.